मुलाकातीला कोण जाणार?

केशोरी आणि आजूबाजूच्या गावांसाठी पत्रक. वाचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.



गावातल्या एखाद्याला पोलीस घेऊन गेले की दोन दिवस पानठेल्यावर दुसरा विषय नसतो. तिसऱ्या दिवशी विषय संपतो. ज्या घरातला माणूस गेला त्या घरासाठी मात्र तो तिथूनच सुरू होतो. त्या घरच्या बाईला रोवण्याच्या टोळीत कोणी बोलावत नाही. किराण्याची उधारी बंद होते. मंडईचे पाहुणे तिच्या दारावरून पुढे निघून जातात. ‘पोरगा कसा आहे?’ एवढं विचारायलाही जीभ उचलत नाही, जणू विचारणाऱ्याच्याच हातात बेड्या पडणार आहेत.

आम्ही स्पष्ट बोलतो. कोठडी देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. घर वाळीत टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपल्या राज्यात 2016 च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. कोर्ट माणसाला आत ठेवतं. त्याला एकटं आपण पाडतो.

भंडारा कोणासाठी लांब?

1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. कलेक्टर आला, एसपी आला, कचेऱ्या आल्या. पण न्यायालयीन कोठडी मिळालेल्या आपल्या माणसाची रवानगी भंडाऱ्याच्या कारागृहात होत राहिली, नाहीतर थेट नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात. केशोरीहून नवेगावबांध, साकोली, लाखनी करत भंडाऱ्याला जायचं म्हणजे पहाटे निघायचं, गेटवर नाव नोंदवायचं, नंबर येईपर्यंत बसायचं, आणि जाळीपलीकडे काही मिनिटं बोलून अंधारात घरी पोहोचायचं. हे सगळं जुळलं तर. आधार कार्ड विसरलं, वेळ हुकली किंवा नेमकी त्याच दिवशी त्याची कोर्टात पेशी निघाली, तर न भेटताच परत यायचं.

त्यात रोजी बुडाली ती वेगळीच. रोवण्याच्या दिवसांत, मिरची तोडणीच्या दिवसांत एक रोजी म्हणजे काय, हे केशोरीला शिकवायला नको. इथली लाल मिरची नागपूरपर्यंत पोहोचते. तिला गाडी मिळते, व्यापारी मिळतो, भाव मिळतो. म्हाताऱ्या आईला मात्र भंडाऱ्याच्या गेटपर्यंत सोबत मिळत नाही.

‘गुन्हा केला, भोगू दे’ म्हणणाऱ्यांना

हे वाक्य आम्ही पुष्कळ ऐकलं आहे. त्याला उत्तर आकड्याने देतो. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातले 4,34,302 जण कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर जणांचा निकालच लागलेला नव्हता. ज्याचा गुन्हा अजून कोर्टाने ठरवलेला नाही, त्याला भोगायला सांगणारे आपण कोण?

आणि गुन्हा सिद्ध झाला तरी काय? शिक्षा संपली की तो केशोरीलाच येणार आहे, दुसऱ्या कोणत्या गावाला नाही. चार वर्षं ज्याच्याशी आईशिवाय कोणी बोललं नाही तो माणूस हवा, की ज्याला बांधीत यंदा कोणतं धान लावलं हेही ठाऊक आहे तो हवा, हे गावानेच ठरवावं.

ज्याच्यावर अन्याय झाला त्या घराचं काय, असंही कोणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. त्या घरीही जा, आधी जा. आत गेलेल्याला भेटणं म्हणजे त्याला निर्दोष ठरवणं नव्हे. मुलाकातीच्या नावाखाली साक्षीदाराला निरोप धाडणारा, फिर्यादीवर दबाव आणणारा आमचा नाही. त्याला आम्हीच अडवू.

बाहेर माणूस असेल तरच कायदा आत पोहोचतो

भेट म्हणजे नुसतं रडणं-हसणं नव्हे. कैद्याचे बहुतेक हक्क बाहेरच्या माणसाच्या पायांनी चालतात. कसे, ते पाहा.

अटक झाली की ती कुणाला कळवायची हे आरोपीने सांगायचं आणि पोलिसांनी त्या माणसाला कळवायचं. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. पहिलं पोलिसांवर कायद्याचं बंधन आहे, दुसरं थेट राज्यघटनेचं. पण ठाण्यात जाऊन विचारणाराच कोणी नसेल, तर कळवलं की नाही हे तपासणार कोण?

कोठडीतल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे आणि कोठडीतल्या माणसाला त्यात उत्पन्नाची अट नाही. तरी म्हशी विकून दलालाचे खिसे भरणारी घरं आपण पाहिली आहेत. ‘साहेबांशी बोलतो, उद्या सुटतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. 15100 वर फोन करा, तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा.

1 जुलै 2024 पासून नवा फौजदारी कायदा लागू आहे. त्याच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. इतरांना निम्मा काळ काढल्यावर. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि ज्याच्यावर एकाहून जास्त खटले आहेत त्यालाही अडचण येते. अर्ज कारागृह अधीक्षकाने करायचा आहे. पण भरलेल्या बराकीतल्या एकेकाचे दिवस कोण मोजतं? मोजते ती घरची बाई, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तिला हे कलम माहीत असलं पाहिजे.

आता जामिनाचं बघा. जामीन मंजूर होतो आणि माणूस आतच राहतो, कारण जामीनदार मिळत नाही. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मॅजिस्ट्रेटने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भाऊ नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं. आपले निम्मे सोयरे कुरखेड्याकडे, वडसाकडे, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात. त्यांचा सातबाराही सातबाराच आहे, हे वकिलाला ठासून सांगा. पैशावाचून अडलेल्यांसाठी केंद्र सरकारची 2023 पासूनची योजना आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत जामिनासाठी पैशांची मदत होऊ शकते. काही कठोर कायद्यांखालचे गुन्हे तिच्यात बसत नाहीत. बाकीच्यांसाठी विचारा, लेखी विचारा.

भेट हा उपकार नव्हे

1981 मध्ये फ्रान्सिस कोरली मुलीन या स्थानबद्ध बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरच्यांना आणि वकिलाला भेटणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. लहानग्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटायची अट कोर्टाने मोडीत काढली. त्याआधी, 1965 मध्ये, आपल्या महाराष्ट्रातलाच एक निकाल आहे. प्रभाकर संझगिरी हे मुंबईत स्थानबद्ध होते. तुरुंगात त्यांनी अणूच्या अंतरंगावर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्यायला सरकार तयार नव्हतं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हरलं. तुरुंगातल्या माणसाचं अख्खं पुस्तक भिंतीबाहेर येऊ शकतं, तर आपलं पोस्टकार्ड आत का जाऊ नये?

पोस्टकार्ड पन्नास पैशांचं असतं. त्यावर खटल्याचं एक अक्षर लिहू नका. पत्र वाचलं जातं आणि फोनवरही तोच नियम पाळा. लिहा की गाय व्याली. लिहा की नळाला पाणी आलं, धाकटी सहावीत गेली, बापाचा खोकला कमी आहे. त्याच्या आजाराचे जुने कागद असतील तर अधीक्षकांच्या नावे अर्ज लावून द्या, म्हणजे तुरुंगाच्या डॉक्टरापर्यंत पोहोचतील. मनीऑर्डर थोडी धाडा, पण नेमाने धाडा. भंडाऱ्याला जाणं जमत नसेल तर ई-मुलाकातीसाठी नाव नोंदवा. मोबाइलवर तोंड दिसतं.

आमच्या मागण्या

1. ग्रामपंचायतीने आपल्या संगणकावर आठवड्यातून एक दिवस ई-मुलाकातीची सोय करावी. नोंदणी करून देणारा माणूस तिथे बसवावा. स्मार्टफोन नसलेल्या आईने कोणाच्या दारात हात पसरू नये.

2. विधी सेवा समितीचा वकील ठरल्या तारखेला केशोरीत यावा. तारीख आधी दवंडीने कळवावी.

3. जिल्ह्याच्या कच्च्या कैद्यांना जिल्ह्यातच ठेवायची पूर्ण सोय शासनाने करावी. ती होईपर्यंत गरीब घरांना मुलाकातीसाठी एसटीचं भाडं मिळावं.

4. बाप किंवा आई तुरुंगात असलेल्या मुलांची नावं शाळेने आणि अंगणवाडीने बालसंगोपन योजनेसाठी पुढे पाठवावीत. त्या मुलांना वर्गात कोणी चिडवणार नाही, ही जबाबदारी गुरुजींची.

या चार मागण्या आम्ही येत्या ग्रामसभेत ठरावासाठी ठेवणार आहोत. हात वर करायला या.

शासन करेल तेव्हा करेल. गावाला जे करायचं त्यासाठी मंजुरी लागत नाही. ज्या घरचा माणूस आत आहे त्या घरची बांधी यंदा रोवणीवाचून पडीक राहू देऊ नका. तिथली बाई मुलाकातीला निघाली तर तिची बुडालेली एक दिवसाची रोजी टोळीने मिळून भरून द्यावी, आणि एकाने तिच्यासोबत एसटीत बसावं. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याने तिच्या पोराला जामीन राहायचं की नाही याचा विचार करताना आपलाही मुलगा मोटरसायकलवर फिरतो, उद्या त्याच्यावरही ही वेळ येऊ शकते, हे आठवावं.

दर आठवड्याला त्या गेटवर नावं पुकारली जातात. केशोरीच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं, तर जाळीपलीकडे कोणीतरी उभं असलं पाहिजे.

आपले,
केशोरी परिसरातील काही नागरिक

(हे पत्रक फाडू नका. वाचून झालं की शेजारी द्या.)