फोटो पुसण्याआधी फोकसची नोंद पाहा

लग्नाचा दिवस संपतो, कार्डं रिकामी होतात आणि रात्री संगणकासमोर छाटणी सुरू होते. "ही सॉफ्ट आलीय, काढ. हीसुद्धा काढ." पक्ष्यांचे फोटो काढणारे असोत, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे काढणारे असोत की घरच्या बारशाचे, फोकस न बसलेली फ्रेम दिसली की सगळे एकच करतात, ती पुसून टाकतात. अशा फ्रेम वाढल्या की लेन्सवर संशय येतो. मग ती दुरुस्तीला जाते, नाहीतर विकायला निघते. माझी विनंती एवढीच आहे की पुसण्याआधी आणि लेन्सला दोष देण्याआधी कॅमेऱ्याने त्या क्षणी फोकस नेमका कुठे धरला होता ते बघून घ्या. ती नोंद तुमच्या फाइलीतच असते. बहुतेकांनी ती कधी उघडलेलीच नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शटर दाबताना कॅमेरा चित्राबरोबर बरीच माहिती लिहून ठेवतो. शटर स्पीड, अॅपर्चर, आयएसओ, तारीख, वेळ हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच माहितीत ऑटोफोकसचा तपशीलही असतो: कोणता मोड होता, किती पॉइंट निवडलेले होते, त्यांतल्या कोणत्या पॉइंटवर फोकस बसला आणि चित्रात तो कुठे होता. ही नोंद वाचणारं सॉफ्टवेअर तुमच्या फोटोवर एक छोटा चौकोन काढून दाखवतं. माझं सगळं सांगणं त्या चौकोनाबद्दल आहे.

धूसर फोटोची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा असतो. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात आणि नवरी हार घेऊन हात वर करते. ही फ्रेम हमखास फसते. चौकोन दाखवून पाहिलात तर तो कित्येकदा नवरीच्या चेहऱ्यावर नसतोच. पुढे उभ्या असलेल्या मावशीच्या वर गेलेल्या हातावर असतो, नाहीतर तिच्या गजऱ्यावर. पॉइंट निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोपवलं की तो बहुधा जवळची, ठळक कडा असलेली वस्तू पकडतो, आणि त्या क्षणी सर्वांत जवळचा असतो तो हात. इथे लेन्स निर्दोष आहे. तुम्ही एकच पॉइंट किंवा छोटं क्षेत्र निवडून तो चेहऱ्यावर ठेवायला हवा होता, किंवा डोळा ओळखणारा मोड चालू करायला हवा होता. उपाय सेटिंगमध्ये आहे, त्याला एक पैसाही लागत नाही.

आता हीच फ्रेम पुन्हा पाहा, पण या वेळी चौकोन नवरीच्या डोळ्यावर बरोबर बसलेला आहे आणि तरीही चेहरा मऊ आहे असं समजा. लगेच शटर स्पीड बघा. तो एक साठांश सेकंद असेल आणि हार, हात, बांगड्या सगळंच एका दिशेने पुसट झालं असेल, तर फोकस बसलेलाच होता, माणूस हलला. संपूर्ण फ्रेम, अगदी मागचा मांडवाचा खांबसुद्धा, एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल तर तुमचा हात हलला. चौकोन डोळ्यावर आहे, शटर स्पीड भरपूर आहे, पण पापण्या मऊ आणि कानातले झुबे मात्र लख्ख असतील, तर फोकस मागे गेला. एखाद-दुसऱ्या फ्रेमला महत्त्व देऊ नका. त्याच लेन्सवर, अॅपर्चर पूर्ण उघडं असताना, फ्रेममागून फ्रेम हेच दिसत असेल तरच लेन्स आणि बॉडीचा मेळ तपासायची वेळ आली असं समजा. बऱ्याच मधल्या आणि वरच्या दर्जाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत त्यासाठी मेनूतच सूक्ष्म जुळवणीची सोय असते. चौकोन न पाहता ही जुळवणी करायला बसलात, तर मावशीच्या हातावर बसलेल्या फोकससाठी चांगल्या लेन्सची घडी विस्कटून ठेवाल.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यात होडीतून रोहित टिपणाऱ्यांना तर हे आणखीच जवळचं आहे. पुढे गवताची चार पाती, मागे पाणी, मध्ये पक्षी. चौकोन पात्यांवर दिसला तर पुढच्या फेरीला लहान क्षेत्र निवडायचं, हे तिथल्या तिथे कळतं. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत प्लेबॅकच्या मेनूत एएफ पॉइंट दाखवायची सोय आहे. फोकस बसलेला पॉइंट लाल दिसतो. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांतही प्लेबॅकच्या पर्यायांत ती असते. एकदा चालू करून ठेवा.

घरी संगणकावर पाहायचं तर पहिला मार्ग कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचंच सॉफ्टवेअर. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं २०२१ मध्ये आलेलं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज हे सगळे प्रोग्रॅम मोफत आहेत आणि आपापल्या कॅमेऱ्यांचे फोकसचे चौकोन दाखवतात. अनेकांनी ते एकदा उघडून, संथ वाटले म्हणून सोडून दिलेले असतात. रोजची छाटणी त्यांत करा असं मी म्हणणार नाही. शंका आलेल्या फ्रेम मात्र त्यांत जरूर उघडा. लाइटरूम क्लासिकमध्ये स्वतःची अशी सोय नाही. त्याला 'फोकस पॉइंट्स' नावाचं मोफत प्लगइन जोडता येतं. लिनक्सवर काम करणाऱ्यांना, आणि विंडोज किंवा मॅकवरही पैसे न मोजता फोटोसंग्रह सांभाळायचा असणाऱ्यांना, डिजिकॅम आहे. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि काही प्रमुख कंपन्यांच्या फाइलींवर फोकस पॉइंट दाखवतं.

"एवढं साधं आहे तर सगळीच सॉफ्टवेअर हे का दाखवत नाहीत?" असा प्रश्न पडेल, आणि तो रास्त आहे. फोटोतली माहिती लिहिण्याची एक्झिफ ही पद्धत जपानमध्ये १९९५ साली ठरली. शटर स्पीड कुठे लिहायचा, तारीख कशी लिहायची हे त्यात नक्की आहे. २००२ च्या आवृत्तीत मुख्य विषय चित्रात कुठे आहे ते लिहायलाही एक जागा ठेवली, आणि आयफोन त्या जागेत चार आकडे लिहितो. मोठ्या कॅमेऱ्यांच्या कंपन्या मात्र ऑटोफोकसचा तपशील 'मेकरनोट' नावाच्या भागात लिहितात. तो भाग कंपनीच्या स्वतःच्या मर्जीचा. आत काय, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मापात लिहायचं याचं कुणावर बंधन नाही.

सोनीची नोंद चार आकड्यांची असते. समजा ६०००, ४०००, २१००, १३५० असे आकडे मिळाले. चित्र ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० उंच आहे, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून २१०० उजवीकडे, १३५० खाली गेलं की फोकसची जागा सापडते. कॅनन हेच अंतर चित्राच्या मध्यापासून मोजतं. पॅनासॉनिक पिक्सेलऐवजी रुंदी-उंचीचा अपूर्णांक लिहितं. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये तर आकडे नसून पॉइंटचं नाव असतं. ५१ पॉइंटच्या कॅमेऱ्यात मधल्या पॉइंटचं नाव सी-६. सी-६ म्हणजे चित्रातली नेमकी कोणती जागा, हे कुणीतरी त्या मॉडेलचा तक्ता बनवल्याशिवाय सॉफ्टवेअरला कळू शकत नाही. त्यातून फोटो उभा असेल तर चौकोनही फिरवावा लागतो, आणि क्रॉप केलेला असेल तर सरकवावा लागतो.

हे कोडं बाहेरच्या जगासाठी उलगडलं त्यात सर्वांत मोठं नाव फिल हार्वे यांचं. कॅनडातल्या या गृहस्थांनी २००३ मध्ये एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम काढला आणि तेव्हापासून ते नवनव्या कॅमेऱ्यांच्या नोंदी त्यात भरत आले आहेत. वर सांगितलेलं लाइटरूमचं प्लगइन याच एक्झिफटूलच्या आधारावर चालतं. कंपन्यांनी आपणहून न सांगितलेली माहिती एका माणसाने आणि त्याला फाइली पुरवणाऱ्या असंख्य छायाचित्रकारांनी मिळून उघडी केली, याबद्दल मला फार आदर आहे.

आता चौकोन काय सांगत नाही तेही लक्षात घ्या, नाहीतर त्याच्यावर नको तितका विश्वास बसेल. चौकोन म्हणजे कॅमेऱ्याने जिथे पाहिलं ती जागा. ती जागा लख्ख आलीच असेल याची तो हमी देत नाही. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस धरून मग फ्रेम सरकवायची सवय तुम्हाला असेल, तर चौकोन मध्येच दिसेल, कदाचित मागच्या भिंतीवर, आणि फोटो मात्र उत्तम असेल. जुन्या डीएसएलआरवर शिकलेल्यांत ही सवय सर्रास आढळते, कारण त्यांचे पॉइंट मध्यभागी गोळा झालेले असायचे. हाताने फोकस केलेल्या फोटोत दिसणाऱ्या चौकोनाला काही अर्थ नसतो. आणि चौकोनाच्या आत दोन गोष्टी असतील, समजा पुढे चष्म्याची काडी आणि मागे डोळा, तर कॅमेऱ्याने त्यांतली कोणती धरली हे चौकोन सांगू शकत नाही. तिथे शंभर टक्के मोठं करून डोळ्यानेच पाहावं लागतं.

ही नोंद टिकवणं तुमच्या हातात आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ती गळून जाते. लाइटरूममधून जेपेग बाहेर काढलात तर त्यात मेकरनोट राहत नाही. काही सॉफ्टवेअर फाइल नव्याने साठवताना मेकरनोट जागेवरून हलवतात. त्याच्या आतले पत्ते जुन्या जागेचे असल्यामुळे मग नोंद असूनही नीट वाचता येत नाही. म्हणून कॅमेऱ्यातून उतरवलेल्या मूळ फाइली, रॉ असोत की जेपेग, हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कुणाला "माझा फोकस का बसत नाही?" असं विचारायचं असेल तर मूळ फाइलच पाठवा. शिकवणाऱ्यांनीही विद्यार्थ्याकडून तीच मागावी. आकार लहान केलेल्या चित्रावरून निदान करणं म्हणजे अंदाज बांधणं आहे.

आणि एक काम आपल्यापैकी कुणीही करू शकेल. तुमचा कॅमेरा नवा असेल आणि डिजिकॅममध्ये किंवा प्लगइनमध्ये त्याचा चौकोन दिसत नसेल किंवा चुकीच्या जागी दिसत असेल, तर गप्प बसू नका. ते बनवणाऱ्यांना कळवा आणि नमुन्याच्या फाइली द्या. भिंतीवर मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर लावा, कॅमेरा स्टँडवर ठेवा आणि एकेक पॉइंट निवडून फोटो काढा: मधला, चार कोपऱ्यांकडचे, मग कॅमेरा उभा धरून तेच. प्रत्येक फाइलीसोबत कोणता पॉइंट निवडला होता ते लिहून द्या. तक्ता बनवणाऱ्याला एवढ्याने पुष्कळ मदत होते. मात्र त्याच फाइलीत कॅमेऱ्याचा सीरियल नंबर असतो, आणि जीपीएस चालू असेल तर तुमच्या घराचं ठिकाणही. म्हणून जीपीएस आधीच बंद करा, आणि नमुन्यासाठी घरातल्या माणसांचे, लहान मुलांचे फोटो देऊ नका. कॅलेंडर पुरेसं आहे.