शिंकताना लघवी सुटते?

आमच्या आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीची चढण टाळताना वयस्क भगिनी गुडघ्यांचे कारण सांगतात. काहींचे खरे कारण वेगळेच असते: खोकताना, शिंकताना, चढताना नकळत सुटणारी लघवी. ‘वय झालं, चालायचंच’ हे मला मुळीच मान्य नाही. पाणी कमी पिणे हा तर उपाय नव्हेच; त्याने लघवी दाट होते, बद्धकोष्ठता वाढते आणि कुंथून खालचे स्नायू आणखी ढिले पडतात. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला व्यायाम करावा. वारा रोखताना आवळतात तेच स्नायू ५ सेकंद आवळावेत, तितकाच वेळ सैल सोडावेत. श्वास रोखू नये. असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. जळजळ होत असल्यास किंवा रक्त दिसल्यास मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. भगिनींनो, यात लाज कसली? लेकीसुनांनाही सांगा, बाळंतपणानंतर त्यांनाही हाच व्यायाम उपयोगी आहे.