थंडीला दोष देऊ नका

संपादक महोदय,

‘थंडीत अंडी उबवू नका’ हा आपल्या कृषी पानावरील सल्ला निफाडसारख्या भागातील कोंबडीपालकांचे नुकसान करणारा आहे. इथे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, तरीही खुडूक कोंबडीखाली पिल्ले निघतातच. अंड्याला ऊब कोंबडीच्या अंगाची मिळते, अंगणातल्या हवेची नाही.

उबवणी यंत्रात २१ दिवस सुमारे ३७.५ अंश तापमान राखले, तर बाहेरचा ऋतू गौण ठरतो. हिवाळ्यात खरी अडचण कोरडेपणाची असते. थंड हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी. ती नसेल तर आतले पटल वाळते आणि पिल्लू कवचातच अडकते. लेखात यावर एक ओळही नाही.

‘शेडचे पडदे रात्रभर घट्ट बंद ठेवा’ हे तर घातकच. कोंडलेल्या शेडमध्ये ओल आणि अमोनिया साचतो, पिल्लांना श्वसनाचे विकार जडतात. पडदे वरच्या बाजूने थोडे उघडे हवेत. खाली भाताच्या तुसाची कोरडी, जाड गादी हवी आणि पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब. रात्री वीज जाते, म्हणून पर्यायी सोय आधीच करावी.

हिवाळ्यात अंडी घटतात हे लेखकाचे म्हणणे बरोबर, पण त्यामागे लहान दिवसाचा मोठा वाटा आहे. दिवा लावून प्रकाश १४ ते १६ तासांवर नेता येतो.

कृपया पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

एक कुक्कुटपालक,
निफाड, जि. नाशिक