मामा, तुम्ही घेता का?

गेल्या दिवाळीत मी आजोळी, पीपलरावांला गेले होते. आपल्या कॉलेजात हे गाव कुणालाच माहीत नसतं, हा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे, म्हणून आधी सांगून टाकते. पीपलरावां मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यात आहे. पवारांच्या काळापासून देवास-धारकडे मराठी घरं आहेत, त्यांतलंच एक माझ्या मामांचं. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि भांडताना माळवी. पोह्यांवर शेव पडली नाही तर त्याला पोहे म्हणत नाहीत असं हे घर.

मामी दिवाळीची साफसफाई करत होती. गल्ल्याखालच्या कप्प्यातून जुन्या पावत्यांबरोबर एक पाकीट निघालं. सोनोग्राफीचा रिपोर्ट. तीन वर्षांपूर्वीचा. पोटात दुखतं म्हणून मामांनी देवासला जाऊन काढलेला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : ग्रेड २ फॅटी लिव्हर. मामीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी बायोकेमिस्ट्रीची विद्यार्थिनी. घरात 'आमची डॉक्टरीण' म्हणून माझं कौतुक होतं, खरं तर मी डॉक्टर होणार नाहीये. त्या क्षणी मी काय केलं? रिपोर्ट हातात धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, तुम्ही घेता का?"

मामा काही बोलले नाहीत. चहाचा कप तसाच ठेवून दुकानात गेले. संध्याकाळी मला एकटीला म्हणाले, "अगं बाळ, आपल्या घरात थेंबाला कुणी शिवलेलं नाही. पण कागदावर लिव्हर लिहिलंय म्हटल्यावर माणसं काय समजणार? तुझ्या ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा. आणि बघ ना, तूसुद्धा तेच विचारलंस."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : यकृतावर चरबी साठणं हा आपल्याकडे आजार मानला जात नाही, चारित्र्याचा दाखला मानला जातो. जाड माणसाला आपण 'खादाड' म्हणतो, बारीक माणसाला 'पिणारा' म्हणतो, आणि दोन्ही वेळा त्याला गप्प बसवतो. या गप्प बसण्यानं होणारं नुकसान चरबीपेक्षा कमी नाही.

आता मामांकडे बघा. उंची साडेपाच फूट, वजन ५८ किलो. हातपाय काटकुळे. पोट तेवढं शर्टाच्या बटणांना ताण देतं. त्यांना कुणी लठ्ठ म्हणणार नाही. मग चरबी आली कुठून?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेला जावं लागत नाही. ते पुण्यात आहे. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले इंग्लंडचे सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर एक फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच माणूस समजत होता, आतलं शरीर मात्र वेगळं होतं. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात.

याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं लहान होती, पण सगळ्या बाजूंनी सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव जास्त कमी होते, कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. बारीक दिसणारी, पण आतून चरबी राखून असलेली बाळं. अशा शरीरात स्नायू कमी. जेवणानंतर रक्तातली साखर सामावून घेणारं मोठं कोठार म्हणजे स्नायू. तेच लहान असेल तर उरलेला भार पडतो यकृतावर.

इथे एक धोका आहे आणि मुलगी म्हणून तो मला लगेच दिसतो. "म्हणजे आईचीच चूक!" असं म्हणायला आपल्याकडे वेळ लागत नाही. त्या बायका शेतात राबत होत्या, घरात शेवटी जेवत होत्या. अर्ध्याहून अधिक जणींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. संशोधन आईवर आरोप करत नाही. आईला वेळेवर पोटभर आणि नीट जेवायला दिलं नाही, त्याचा हिशेब पुढच्या पिढीच्या शरीरात निघतो, एवढंच ते सांगतं. आरोपी शोधायचाच असेल तर तो ताट वाढण्याच्या क्रमात शोधा.

आणि हे फक्त पुण्याचं नाही. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत डॉ. अभिजित चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली, २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे ८.७ टक्के लोकांत दारूशी संबंध नसलेलं फॅटी लिव्हर सापडलं. त्यांतल्या चारपैकी तिघांचा बॉडी मास इंडेक्स २५ च्या खाली होता. म्हणजे मामा अपवाद नाहीत. ते एका मोठ्या रांगेत उभे आहेत, फक्त रांगेत कुणी कुणाशी बोलत नाही.

दुसरा गैरसमज तेला-तुपाचा. रिपोर्ट सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी मामीने घरातलं तूप बंद केलं. चहा मात्र तसाच, दिवसाला सात कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. सोमवारच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटे तसेच. आता हे बघा. २००५ साली अमेरिकेत मिनेसोटा इथे संशोधकांनी फॅटी लिव्हरच्या रुग्णांत खुणेचे अणू वापरून यकृतातली चरबी कुठून येते याचा माग काढला. आहारातल्या चरबीतून थेट आलेली होती साधारण १५ टक्के. सुमारे २६ टक्के यकृताने स्वतःच तयार केली होती, मुख्यतः साखर आणि पिठूळ पदार्थांतून. उरलेली ५९ टक्के शरीराच्या इतर भागांतल्या साठ्यातून वितळून रक्तावाटे यकृतात पोचली होती. इन्सुलिनचं काम असं की, जेवणानंतर त्या साठ्याला 'आता थांब' म्हणायचं. शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं की साठा गळत राहतो. यकृत मात्र इन्सुलिनचं अर्धंच ऐकतं : साखर सोडणं थांबवत नाही आणि चरबी बनवणंही थांबवत नाही. म्हणजे तुपाची बरणी उचलून माळ्यावर ठेवली तरी साखरेचा डबा ओट्यावरच आहे.

काही जणांच्या बाबतीत यात जनुकांचाही हात असतो. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे यकृतात चरबी जास्त साठते, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. आता सांगा, यात चारित्र्य कुठे आलं?

आपण साहित्याची माणसं, म्हणून नावाबद्दलही बोलू. १९८० मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी दारू न पिणाऱ्यांच्या यकृतात तशीच सूज पाहिली आणि तिच्या नावातच 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द घातला. हेतू चांगला होता, पण आजाराची ओळख 'दारूचा नाही' अशी झाली आणि नाकारण्यासाठी का होईना, दारू नावात कायमची बसली. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ते नाव बदलून चयापचयाच्या बिघाडावरून नवीन नाव दिलं. 'अल्कोहोलिक' आणि 'फॅटी' हे दोन्ही शब्द रुग्णाला लाज आणतात, हेही त्यामागचं एक कारण होतं. मला हा बदल पटतो. पण नाव बदललं म्हणून पीपलरावांतल्या ओट्यावरची माणसं बदलत नाहीत. तिथे अजून 'लिव्हर खराब' एवढेच दोन शब्द चालतात. आपल्या भाषेत याला 'यकृताचा चयापचय-विकार' म्हणा, नाहीतर सरळ 'लिव्हरवरची चरबी' म्हणा. फक्त म्हणताना आवाज खाली आणू नका.

कुणी म्हणेल, आता औषधं आली आहेत. खरं आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरोम या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. पण ते कधी घ्यायचं? यकृतात व्रण पडू लागले आहेत हे कळल्यावर. आणि ते कळणार कसं, जर रिपोर्ट गल्ल्याखाली असेल? हा आजार वर्षानुवर्षं दुखत नाही. चरबी, मग सूज, मग व्रण, मग काही जणांत सिरॉसिस. मधला सगळा काळ मोलाचा असतो, आणि तोच आपण लाजेत घालवतो.

आपल्या सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हर हा विषय राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात घेतला, २०२४ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. चांगलं आहे. पण माझ्या मते सुरुवात मोजपट्टीपासून व्हावी, वजनकाट्यापासून नव्हे. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली की सावध व्हायचं. मामांची ९२ भरली. पुढची पायरीही महाग नाही : वय, रक्तातली एएसटी आणि एएलटी ही दोन एन्झाइम आणि प्लेटलेट, एवढ्यावरून 'फिब-४' नावाचा आकडा निघतो. तो १.३ च्या खाली असेल तर व्रणांची शक्यता कमी. हा हिशेब मोबाइलवर होतो. प्रत्येक साध्या रक्ततपासणीखाली हा आकडा छापून यायला काय हरकत आहे?

आणि उपाय? तो कंटाळवाणा आहे, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. क्युबातल्या एका अभ्यासात (२०१५) ज्यांनी वर्षभरात वजन १० टक्के किंवा जास्त कमी केलं, त्यांच्यातल्या ९० टक्के जणांच्या यकृताची सूज गेली. पण तितकं वजन फार थोड्यांना कमी करता आलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मामांसारख्या बारीक माणसांसाठी बातमी जरा बरी आहे. हाँगकाँगच्या अभ्यासात वजनाने बेताच्या असलेल्या ज्यांनी ३ ते ५ टक्के वजन उतरवलं, त्यांच्यातल्या निम्म्या जणांची चरबी ओसरली. मामांच्या हिशेबात दोन-तीन किलो.

मामांची पुन्हा तपासणी झाली. यकृत थोडं कडक झालंय, सिरॉसिस नाही. ती तीन वर्षं मिळाली असती तर कदाचित एवढंही झालं नसतं. आता ते सकाळी दुकान उघडण्याआधी चालायला जातात. चहा सातावरून तीनवर आलाय, साखर अर्धा चमचा. शेव सोडणार नाही म्हणतात. मामीने तूप परत आणलं, थोडं.

फोनवर मी त्यांची माफी मागितली. म्हणाले, "जाऊ दे ग. पण पुढच्या माणसाला वेगळं विचार."

तेच तुम्हालाही सांगते. हॉस्टेलवर, घरी, लग्नाच्या बैठकीत कुणाच्या लिव्हरचा विषय निघाला तर "घेतो का?" हे डॉक्टरांना विचारू द्या, त्यांना ते विचारावंच लागतं. आपण विचारावं : "कधीपासून आहे? पुढची तपासणी केली का? बरोबर येऊ का?"