पाहुणे आले की कूलर का हरतो?

गोंदियात मे म्हणजे लग्नसराई, नवतपा आणि घरभर पाहुणे. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे मुक्कामही लांबतो. दुपारी सगळे एका खोलीत, दारे-खिडक्या बंद, कूलर फुल्ल. तरी तासाभरात घामाच्या धारा.

कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, तेही हवा कोरडी असेल तरच. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. आठ पाहुणे म्हणजे ८०० वॉट, वर श्वासाचा-घामाचा ओलावा. ही दमट हवा बाहेर पडायला वाट नसेल तर कूलरला नवी हवा आत ढकलता येत नाही.

ती वाट स्वयंपाकघरातून काढावी, असे आमचे मत. घरातली सर्वांत तापलेली जागा तीच. गॅसची ज्योत हलते म्हणून तिथे पंखाही बंद. मधले दार उघडे ठेवून एक्झॉस्ट फॅन लावला तर गार हवा ओट्यापर्यंत पोहोचते. ऑफिस गाठण्याआधी बारा जणांच्या पोळ्या लाटणारीला एवढे तरी मिळावे. भरदुपारी गरम पुऱ्यांची फर्माईश पाहुण्यांनीही सोडावी, पन्ह्यावर भागवावे. आणि हो, कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढायचा. हे काम मुलांना सांगायचे नाही.