सुकाणू कोणाच्या हाती?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मातंगी’ ही स्वयंचलित नौका मुंबईहून तुतिकोरिनच्या सुमारे १५०० किलोमीटरच्या प्रवासास निघाली, याचे कौतुक झाले ते रास्तच होय. परंतु नाविकाविना नौकेची कल्पना नवी नाही. २८ ऑक्टोबर १९१७ रोजी जर्मनांनी किनाऱ्यावरून तारेने चालविलेली स्फोटक नौका बेल्जमनजीक ‘एरेबस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर आदळली. ‘एरेबस’ जायबंदी झाली, पण बुडाली नाही. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान सोव्हिएत रशियात बेकौरी यांच्या संस्थेने तारेऐवजी बिनतारी संदेश योजिला आणि विमानातून पाणतीर-नौका हाकण्याचे प्रयोग केले. माणूस नौकेतून उतरला तो विमानात चढला, एवढेच! संदेश तुटला की नौका निकामी.

आता हा दूरचा हातही सुटू पाहत आहे. मार्ग यंत्राने खुशाल शोधावा. आघाताचा निर्णय मात्र त्याच्यावर सोपविता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००८ साली मुंबईवर चालून आलेले मारेकरी ‘कुबेर’ या मासेमारी नौकेतूनच आले होते, हे खरे. पण तशाच नौकांवर हजारो निरपराध कोळ्यांचा संसार चालतो. त्यांतला वैरी कोणता, हे ठरविणारा माणूसच हवा. कारण चुकल्यास जाब माणसालाच विचारता येतो.