आपल्या माणसांशी आपणच बोलू या

वाशिम जिल्ह्यातील बंधू-भगिनींनो,

2016 च्या दुष्काळी उन्हाळ्यात मालेगाव तालुक्यातल्या कळंबेश्वर गावात एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. रोजची मजुरी सांभाळून त्यानं 40 दिवसांत एकट्यानं विहीर खणली. लोक त्याला वेड्यात काढत होते. पाणी लागलं तेव्हा देशभर बातमी झाली. पाणी नाकारणाऱ्याचं नाव मात्र त्यानं पत्रकारांना सांगितलं नाही. गावात रक्तपात नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

त्याचं कौतुक करायला पुष्कळ जण गेले. नाकारणाऱ्याशी जाऊन कोण बोललं? ते काम त्या मजुराचं नव्हतं. ते भावकीचं, सोयऱ्यांचं, शेजाऱ्यांचं होतं. म्हणजे आपलं होतं.

आपल्या विदर्भातच 1928 साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. दुसऱ्याला उपदेश करण्याआधी त्यांनी स्वतःचं दार उघडलं. पंढरपूरचं मंदिरही दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी मे 1947 मध्ये उपोषणाला बसले, पण त्याआधी कित्येक महिने ते गावोगाव लोकांना समजावत फिरले होते. मन वळायला वेळ लागतो, हे ते जाणून होते.

म्हणून आमचं आवाहन आहे :

1. शेतात सोंगणीला येणाऱ्या मजुरांसाठी घरात वेगळा कप असेल, तर तो आजच बंद करा. लग्नाची आणि भंडाऱ्याची पंगत एकच ठेवा.

2. घरातल्या वडीलधाऱ्यांना चारचौघांत खाली पाहायला लावू नका. माणूस हट्टाला पेटतो. एकटं असताना विचारा, पूर्ण ऐकून घ्या, मग आपलं सांगा. आठवड्यानं पुन्हा बोला.

3. एखाद्या जातीबद्दल किंवा मुसलमान शेजाऱ्यांबद्दल विखारी मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा : हे तुम्ही स्वतः पाहिलं का? मंगरुळपीरच्या दर्ग्यावर हिंदूही श्रद्धेनं जातात, याची त्यांना आठवण करून द्या.

4. कोणी पाणी, देऊळ किंवा वाट अडवली, तर समजावत बसू नका. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. तक्रारदारासोबत ठाण्यात जा, साक्ष द्या. ज्याचा अपमान झाला, त्याला 'जरा धीर धर' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. धीर धरायचा तो आपण, आपल्या माणसांना समजावताना.

प्रत्येकानं आपल्या नात्यातलं एक माणूस ठरवावं आणि वर्षभर त्याचा पिच्छा सोडू नये. पहिल्यांदा ते चिडेल, दुसऱ्यांदा विषय बदलेल. तरीही बोलणं तोडू नका आणि गप्पही बसू नका.

आपले,
वाशिम जिल्ह्यातील काही नागरिक